शकुन आत्याचं निरंक

आमच्या घरात बाबांची नक्कल सगळ्यात सोपी. नाकातून एक "हूं" काढायचा आणि पेपर उलटायचा, झालं. शेजारच्या माणिकबाईंची त्याहून सोपी, त्यांना स्वतःच्या वाक्याचं हसू वाक्याच्या आधी येतं. शकुन आत्याची मात्र मला कधी जमली नाही, कारण आत्याला दोन आवाज होते आणि एकातून दुसऱ्यात ती केव्हा गेली ते कळायचंच नाही. "काहून वं मैने, दूध उतू चाल्लं अन् तू पाहून राहिली?" असं माझ्यावर ओरडता ओरडता फोन वाजायचा आणि त्याच तोंडातून यायचं, "हो सर, परिशिष्ट दोन तपासून आज पाठवते." मधे श्वासही नाही. मैना म्हणजे मी. नाव काही ते नाही, पण सगळ्यांचे आवाज काढते म्हणून आत्यानं ठेवलेलं.

सर म्हणजे केदार सर. अमरावतीत त्यांची संस्था आहे. माणूस पुण्याचा आणि प्रत्येक वाक्यात "आपण" घालणारा. "शकुनताई, आपण थकलोय, पण आपण थांबायचं नाही." थकलेली असायची आत्या. 'आपण'मधले उरलेले अर्धे, म्हणजे सर, पंख्याखाली बसलेले.

संस्थेचं काम असं. कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीची एक जैवविविधता समिती असते. आपल्या शिवारात कोणतं झाड, कोणतं गवत, कोणतं पाखरू आहे ते त्या समितीनं नोंदवहीत लिहायचं, आणि त्यावरून वर अहवाल पाठवायचा. समित्या बहुतेक कागदावरच. सरपंचाला विचारा, "हाव नं, हाय समिती. कोन कोन हाय त्याच्यात थे सचिवाले इचारा." सचिव म्हणतो, "यादी सरपंचाजवळ हाय जी." म्हणून संस्था माणूस पाठवते, आणि तो माणूस म्हणजे आमची आत्या. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून एसटी, पुढं काळीपिवळी जीप. पिशवीत दुर्बीण, पोळी-भाजीचा डबा आणि शाईचं पॅड, कारण समितीतल्या अर्ध्या लोकांची सही म्हणजे अंगठा.

तिला हे काम फार आवडायचं. एका गावात तिनं बांधावरचं गवत जाळणं बंद करवलं. दुसऱ्या गावात रस्त्यासाठी कडुनिंब पाडायला निघाले होते, तर ही ग्रामसभेत उभी राहून नोंदवहीतली एकेका झाडावरची घरटी वाचत सुटली. लोक कंटाळले, पण कडुनिंब उभे आहेत अजून. "वहीत हाय तं वाचवता येते," ती आम्हाला जेवताना सांगायची. "वहीत नाई त्याच्यासाठी कोनी उठत नाई." बाबा "हूं" करायचे.

मग वरून तारीख आली, की अमुक दिवसाच्या आत सगळ्या नोंदवह्या पूर्ण पाहिजेत. संस्थेची धावपळ सुरू झाली, आणि आत्याच्या वाट्याला आलेल्या गावांत काटगव्हाण आलं.

काटगव्हाण आमचं मूळ गाव, नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडचं. आजी-आजोबा गेले, बाबा नोकरीपायी अकोल्याच्या जुन्या शहरात आले. आत्याचं लग्न टिकलं नाही. त्याविषयी आमच्या घरी कोणी बोलत नाही. पण तिचं माहेर होतं, आणि ते काटगव्हाण होतं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचे काका महादेवराव फोन करायचे, "शकुन, पुरनाच्या पोया हायेत, येजो." ती जायची आणि येताना साडी अन् गव्हाची पिशवी घेऊन यायची. ती साडी ती अकोल्यात कधी नेसायची नाही. फक्त काटगव्हाणला जाताना.

गावाच्या उत्तरेला ई-क्लास आहे. ई-क्लास म्हणजे गावाच्या जनावरांसाठी ठेवलेली सरकारी चराई. आमच्याकडं एबीसीडी न येणाऱ्या म्हाताऱ्यालाही हा शब्द येतो. मुरमाड माळ, पण पावसाळ्यात कमरेइतकं गवत. आत्या आणि तिची मैत्रीण पार्वता लहानपणी तिथं शेण वेचायला जायच्या. श्रावणात तिथं तणमोर यायचा. कोंबडीएवढा पक्षी, काळा-पांढरा, डोक्यामागं वळलेले दोऱ्यासारखे तुरे. नर गवतातून सरळ वर उडी मारतो, हवेत पंख फडफडवतो, बेडकासारखा घोगरा आवाज काढतो आणि फेकलेल्या दगडासारखा खाली पडतो. परत वर. मादीनं पाहावं म्हणून दिवसभर हेच. पार्वता त्याला "बैताड पाखरू" म्हणायची, बैताड म्हणजे खुळं. आता जगातच ते थोडे उरलेत. मी काही पाहिला नाही. त्याचा आवाज मला आत्यानं शिकवला: खर्र-खर्र-खर्र, मग पाखरू खाली पडेपर्यंत एक थांबा, आणि परत.

तर नोंदवहीसाठी काटगव्हाणच्या समाजमंदिरात समिती बसली. अध्यक्ष महादेवराव, कारण गावात कशाचाही अध्यक्ष करायचा तर तेच. पार्वताबाईही समितीत होती, कारण समितीत बाया लागतात आणि महादेवरावांनी तिचं नाव टाकून दिलं होतं. पुढचं सगळं आत्यानं मला नंतर करून दाखवलं, आणि नक्कल मी तिच्याकडूनच शिकले असावे असं तेव्हा वाटलं.

"मोर हायेत का गावात?" आत्यानं विचारलं.

"नाई जी," सगळे म्हणाले.

तेवढ्यात देवळामागून मोर ओरडला.

"अन् हा?"

"थो पाहुना हाय," महादेवराव म्हणाले. "शेजारच्या गावचा. सांजेले जाते वापस."

"हरणं?"

"नाई."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "मंग माहं सोयाबीन कोनं खाल्लं बे?" त्याला दोन्ही बाजूंनी कोपरं बसली.

"तणमोर?" आत्यानं विचारलं.

यावर कोणी "नाई"सुद्धा म्हणालं नाही. पार्वताबाई पदराचं टोक पिळत बसली.

झालं असं होतं की गावात एक गोष्ट फिरत होती. कोण्या गावानं वहीत काळवीट लिहून दिलं, अन् दुसऱ्या वर्षी जंगलखात्यानं येऊन चराईभोवती खंदक खोदला म्हणे. कोणतं गाव, कोणी पाहिलं, कोणालाच माहीत नव्हतं. पण खंदकाची खोली सगळे हात वर करून दाखवत होते.

दुपारी महादेवरावांकडं जेवण होतं. त्यांचा आवाज मला चांगला येतो. फरशीवरून खाट ओढावी तसं प्रत्येक वाक्य ओढतात. "शकुन. तू सरकारची. का गावाची?"

"काका, असं काहून म्हनता? हे गावाच्याच भल्याचं हाय."

"पाखरू लिहिलं का ई-क्लास गेला. मंग ढोरं कोठी चारावं? ह्या पार्वताच्या बकऱ्या का तुह्या अकोल्याले पाठवाच्या?"

आत्यानं पार्वताबाईकडं पाहिलं. वाटलं, ही तरी काही बोलेल. पार्वताबाई भाजी वाढत म्हणाली, "पाखराले का समजते शकुन, वहीत हाय का नाई थे. थे येईनच."

आत्यानं पोळीचा घास तसाच धरून ठेवला. समोर काका, शेजारी मैत्रीण, ताटात पुरण. तिनं लिहिलं: वन्य प्राणी, निरंक. दुर्मीळ पक्षी, निरंक. चराई क्षेत्राचं वर्णन, ओसाड. निरंक म्हणजे सरकारी भाषेत काहीएक नाही. खाली महादेवरावांची सही आणि तिची.

केदार सरांचा फोन आला, "अरे वा शकुनताई, काटगव्हाण फारच लवकर झालं! आपण खूश."

त्या दिवशी आत्या घरी आली ती तिच्या दुसऱ्या, फोनवरच्या आवाजात. "चहा नको. मी जेवून आलेय." बाबांनी पेपरातून मान वर केली. तो आवाज पुष्कळ दिवस गेला नाही.

ते निरंक वाचणारा माणूस चार वर्षांनी भेटला. एका कंपनीला सौर पॅनेल लावायला ओसाड सरकारी जमीन पाहिजे होती. सूर्याशी आमचं काही भांडण नाही, आमच्याकडं तो गरजेपेक्षा जास्तच आहे. पण ज्या गावांच्या वहीत काही ना काही होतं ती गावं आधीच बाजूला झाली, आणि काटगव्हाणचा ई-क्लास सगळ्यांत वर आला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली, की हरकती असतील तर सुनावणीत मांडा.

महादेवरावांचा फोन आला. "शकुन. आता लिही."

"काय लिहू काका?"

"समदं लिही. मोर लिही. हरन लिही. थो बैताड पाखरू लिही. लागलं तं वाघ लिही."

मला हसू आलं. आत्याच्या तोंडाकडं पाहून ते थांबलं.

केदार सर स्वतः अकोल्याला आले, आमच्या बाहेरच्या खोलीत बसले, आईनं दिलेले पोहे त्यांनी मन लावून खाल्ले. "शकुनताई, शांतपणे विचार करू. आपण एक नोंदवही खोटी आहे म्हटलं, की बाकीच्याही खोट्या ठरतात. तुमचे ते कडुनिंबसुद्धा. उद्या कोणीही उठून म्हणेल, ही बाई वाटेल ते लिहिते."

ते खरं होतं, म्हणून वाईट होतं.

"आणि तसं झालं, तर आपल्याला काम थांबवावं लागेल."

त्यांच्या 'आपल्या'त पहिल्यांदाच ते स्वतः नव्हते.

आत्यानं त्यांना पाणी आणून दिलं. "सर, माळ गेला तर परत येत नाही," एवढंच म्हणाली. कोणत्या आवाजात म्हणाली ते मला अजून ठरवता येत नाही.

सुनावणी माघात झाली, त्याच समाजमंदिरात. बाबा, आत्या आणि मी गेलो. आत्या आखाजीची साडी नेसली होती. सुनावणी घेणारे साहेब बाहेरून नेमलेले होते, हळू बोलणारे, चेहऱ्यानं चांगले. "हे बघा, मला घाई नाही. सगळ्यांचं ऐकून घेणार आहे." आणि खरंच ऐकलं त्यांनी. महादेवराव टोपी सारखी करत उठले, ई-क्लासात गावाची गुरं-ढोरं चरतात, पाखरं आहेत, हरणं आहेत, असं सगळं म्हणाले.

साहेबांनी नोंदवही उघडली. "काका, इथं तर निरंक लिहिलंय. ही सही तुमचीच ना?"

महादेवराव टोपी सारखी करत राहिले.

आत्या उभी राहिली. "साहेब, ती नोंद खोटी आहे. मी लिहिली आहे."

"का लिहिली?"

आत्यानं काकांकडं पाहिलं. तिला फक्त एवढं पाहिजे होतं, की त्यांनी म्हणावं, साहेब, चूक आमची, घाबरून आम्हीच लपवलं. तिनं त्यांना म्हणायला जागा करून दिली होती. महादेवरावांनी सरकारी वहीवर खोटी सही केली होती, आणि आता त्यांच्या डोक्यात खंदकाच्या जागी पोलीस होते.

"आमी तं सांगतलं होतं जी," ते खाट ओढत म्हणाले. "बाईनं लिहिलं नाई. म्हने टाइम नाई."

"हाव, हाव," मागून आलं. एकाचं ऐकून दुसऱ्याचं, मग सगळ्यांचं. पार्वताबाई "हाव" म्हणाली नाही. "नाई"पण म्हणाली नाही.

बाबा उठायला लागले. "हूं"सुद्धा न करता, सरळ. आत्यानं त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं.

"हो साहेब," ती म्हणाली. "गावानं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

परतताना काळीपिवळीत बाबा फार बोलले. त्यांना एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. आत्या खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी म्हणाली, "दादा, गाव तेव्हा खोटं बोललं असं सांगतलं असतं, तं गाव आता खरं बोलते हे कोनं मानलं असतं? कोनाले तरी खोटं व्हाच लागत होतं. एकानं झालेलं बरं."

साहेबांनी फेरपाहणी लावली. नियमाप्रमाणे, चैत्र संपायच्या आत. आत्या तेव्हाच म्हणाली होती, "साहेब, तणमोर पावसाळ्यात येतो. चैत्रात तिथं नुसती धूळ असते. श्रावणात पाहा."

"ताई," साहेब म्हणाले, आणि त्यात टोमणा मुळीच नव्हता, "तुमच्या नोंदीवर मी आता कसा विश्वास ठेवू?"

फेरपाहणीची माणसं आली. त्यांनी उन्हातान्हात सगळा माळ पायी पालथा घातला. गवत बकऱ्यांनी मुळापर्यंत नेलेलं, मुरूम तापलेला, टिटवीशिवाय कोणी नाही. मग त्यांनी गावकऱ्यांना विचारलं, आणि गाव आता पूर्ण शिकून बसलं होतं.

"मोर?" "हाय जी." "हरणं?" "लय." "तणमोर?" "रोज येते जी. आत्ताच गेला." "आत्ता? चैत्रात?" "हाव, बारा महिने असते." आणि मागून एकजण, न विचारता, "वाघबी हाय."

हे मला पार्वताबाईनं फोनवर सांगितलं. तिनं आवाज काढले नाहीत, तरी मला कोण कोण बोललं ते कळलं. ती माणसं एकमेकांकडं पाहून हसली म्हणे, आणि गाडीत बसून निघून गेली. अहवालात आलं: प्रत्यक्ष पाहणीत आढळले नाही. दुर्मीळ पक्षी, निरंक. यावेळचं निरंक खरं होतं.

संस्थेनं आत्याला कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं. केदार सरांनी फोन करून वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि खरंच वाटलं असेल. ज्या गावात कडुनिंब वाचले होते, तिथल्या एकानं अर्ज केला, की ती नोंदही पुन्हा तपासा. ती तपासणी अजून चालू आहे.

वैशाखात आखाजी आली. आईनं पुरणपोळी केली. आत्या दिवसभर फोन उशाशी घेऊन पडली होती, आणि कोणाचाही फोन वाजला की उठून बसायची. काटगव्हाणचा आला नाही. महादेवरावांनी तोंड कसं उघडावं? आणि गावात एक नवी गोष्ट फिरत होती, की शकुन पहिलेपासून कंपनीले मिळालेली होती म्हणे. कोणी सांगितलं, कोणी पाहिलं, कोणालाच माहीत नाही. साडी कपाटात आहे.

ज्येष्ठात ई-क्लासला जाळीचं कुंपण आलं. पार्वताबाईनं बकऱ्या विकल्या. आता ती त्याच कुंपणाच्या आत रोजीनं जाते. पॅनेलखाली गवत वाढतं, ते काचेवर सावली पाडतं, म्हणून कापायला बायका लागतात. आत्या अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात बसते, लोकांचे अर्ज भरून देते. तिथं ती "नाव सांगा, गाव सांगा" एवढंच बोलते. दोन आवाजांपैकी एक राहिला आहे, पण तो माझ्यावर ओरडायचा तो नाही.

श्रावणातल्या एका दुपारी ती घरी होती. आम्ही दोघी तरोट्याची भाजी निवडत होतो. फोन वाजला. पार्वताबाई. कुंपणाच्या आतूनच बोलत होती, दम लागलेला.

"शकुन! आला वं! म्या म्हनलं होतं का नाई? पॅनेलच्या मांगं, गवतात हाय. दिसत नाई, पन आइक. आइक!"

आणि तिनं फोन तिकडं धरला. आत्याचे हात थांबले. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकून ताटाशेजारी ठेवला. वारा, कुठंतरी विळ्याचा आवाज, आणि मग खर्र-खर्र-खर्र-खर्र.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. "मैने, तुहा कान तिखट हाय. सांग."

मी फोनवर वाकले. आवाज घोगरा होता, तसाच, पण तो थांबतच नव्हता. मधे पडायला जागा नव्हती. आणि खालून, ओल्या कुठूनतरी, दुसरा त्याला उत्तर देत होता, मग तिसरा. पॅनेलच्या पुढच्या रांगांसाठी खोदलेले खड्डे पावसानं भरले असणार.

"बेडूक," मी हळूच म्हणाले.

आत्यानं मान हलवली. तिला आधीच कळलं होतं, मला फक्त विचारून पाहिलं होतं. तिनं फोन उचलला.

"हाव वं पार्वता," ती म्हणाली. आखाजीला काटगव्हाणला जाताना असायचा त्या आवाजात. "तोच हाय."

"मंग! पाखराले का समजते म्हनलं होतं म्या!" पार्वताबाई हसली. लहान पोरीसारखी, गवतात बसून. मागून कोण्या माणसानं "ओ बाई, फोन बंद" असं ओरडलं, आणि फोन कटला.

आत्या परत भाजी निवडायला लागली. कोवळी पानं ताटात, जून देठं खाली. मग ती मान वर न करता म्हणाली, "थो आवाज काढून दाखव बरं."

मी काढला, तिनं शिकवला होता तसा. खर्र-खर्र-खर्र. थांबा. खर्र-खर्र-खर्र.

"थांबा कमी कर," आत्या म्हणाली. "पडाले तेवढा वेळ नाई लागत."